क्वेसारचा शेजार

१९६५ साली कॅलिफोर्नियात जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन या दोन तरुण खगोलशास्त्रज्ञांनी एका क्वेसारचा, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या अत्यंत तेजस्वी केंद्राचा, वर्णपट समोर ठेवून एक प्रश्न विचारला. दीर्घिकांच्या मधल्या अफाट जागेत हायड्रोजन वायू पसरलेला असेल, तर या क्वेसारचा एवढा प्रकाश आपल्यापर्यंत पोचलाच कसा? ३सी ९ नावाच्या त्या क्वेसारपासून निघालेला प्रकाश दहा अब्ज वर्षे वाटचाल करून आला होता. वाटेतल्या हायड्रोजनने त्यातला एक ठरावीक भाग गिळून टाकायला हवा होता. वर्णपटात तो भाग थोडा मंदावलेला होता, पण शिल्लक होता.

गणित मांडल्यावर उत्तर चकित करणारे निघाले. वाटेवरच्या हायड्रोजनच्या दर लाख अणूंमागे एखादाच अणू अखंड उरला असेल, तरच एवढा प्रकाश सुटू शकतो. म्हणजे एक तर त्या जागेत वायूच नव्हता, किंवा होता पण त्याचे जवळजवळ सगळे अणू फुटलेले होते. पुढच्या काही दशकांत दुसरा पर्याय खरा ठरला. दीर्घिकांच्या मधली जागा वायूने भरलेली आहे आणि त्या वायूतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन कुणीतरी काढून घेतलेले आहेत. हे काम करणाऱ्यांमध्ये क्वेसारचा वाटा मोठा आहे. ज्या दिव्याच्या उजेडात आपण हा वायू पाहतो, त्याच दिव्याने त्या वायूची अवस्था बदलून टाकलेली आहे. या दुहेरी नात्यामुळेच हा वायू क्वेसारबद्दल अशा गोष्टी सांगू शकतो, ज्या क्वेसारकडे थेट पाहून कळत नाहीत.

वाटेचा नकाशा

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतो. १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश त्याच्यावर पडला, तर इलेक्ट्रॉन तो शोषून घेतो आणि वरच्या पातळीवर जातो. या तरंगलांबीला लायमन-अल्फा म्हणतात. असा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून खाली येत नाही, त्यामुळे जवळच्या क्वेसारच्या बाबतीत जमिनीवरच्या दुर्बिणींना तो दिसत नाही. दूरच्या क्वेसारची गोष्ट वेगळी. विश्व प्रसरण पावत असल्याने वाटेत प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाते. ३सी ९चा प्रकाश तिप्पट ताणला गेला होता, म्हणून त्याची लायमन-अल्फा रेषा ३६६ नॅनोमीटरच्या आसपास आली आणि दुर्बिणीच्या आवाक्यात सापडली.

या ताणण्याचा आणखी एक फायदा होतो. क्वेसारपासून निघालेला प्रकाश पुढे सरकत असताना त्याचा वेगवेगळा भाग वेगवेगळ्या ठिकाणी बरोबर १२१.६ नॅनोमीटरवर येतो. त्या ठिकाणी अखंड हायड्रोजन असेल, तर तेवढाच भाग तिथे शोषला जातो. वर्णपटातली प्रत्येक काळी रेषा अशा रीतीने वाटेवरचे एक ठिकाण दाखवते. १९७१ मध्ये रॉजर लिंड्स यांनी एका क्वेसारच्या वर्णपटात अशा रेषांची दाटी पाहिली. पुढे या दाटीला 'लायमन-अल्फाचे जंगल' हे नाव रूढ झाले. त्यातली प्रत्येक रेषा म्हणजे आंतरदीर्घिकीय वायूची एक किंचित दाट जागा. तिथेही बहुतेक अणू फुटलेलेच असतात, पण उरलेल्या मूठभर अखंड अणूंची सावली आपल्याला दिसते.

हा वायू किती विरळ आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. आजच्या विश्वात सामान्य द्रव्याची सरासरी घनता चार घनमीटरमागे सुमारे एक अणू इतकीच आहे. ३सी ९चा प्रकाश निघाला तेव्हा विश्वातली अंतरे आजच्या एक-तृतीयांश होती, त्यामुळे घनता सत्तावीस पट होती. तरीही ती घनमीटरला सातेक अणूंच्या पुढे जात नाही. इतक्या विरळ जागेत एकदा सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा प्रोटॉन भेटायला अब्जावधी वर्षे लागू शकतात. म्हणून अणू फोडणारा प्रकाश अगदी क्षीण असला, तरी तो सतत मिळत राहिला की पुरतो.

दिवा केवढा, उजेड केवढा

क्वेसारची ओळख पटली १९६३ मध्ये. मार्टेन श्मिट यांनी पालोमार वेधशाळेच्या पाच मीटरच्या दुर्बिणीतून ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या रेडिओस्रोताचा वर्णपट घेतला. त्यातल्या अनोळखी रेषा हायड्रोजनच्याच आहेत, फक्त तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या सरकण्यावरून अंतर निघाले दोन अब्ज प्रकाशवर्षांहून अधिक. इतक्या दुरून तो बऱ्यापैकी साध्या हौशी दुर्बिणीतही दिसतो, म्हणजे त्याची खरी तेजस्विता आपल्या संपूर्ण आकाशगंगेच्या शंभर पटींहून जास्त भरते.

हा प्रकाश काही प्रकाशदिवसांच्या पसाऱ्यातून येतो. दीर्घिकेच्या केंद्राशी कोट्यवधी, कधी अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्यात पडू पाहणारा वायू आधी भोवती चकतीसारखा फिरतो, घर्षणाने प्रचंड तापतो आणि झळाळतो. ताऱ्यांच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाच्या एक टक्क्याहूनही कमी भागाची ऊर्जा होते. कृष्णविवराभोवतीच्या चकतीत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात जाते. विश्वात सातत्याने ऊर्जा निर्माण करण्याचा याहून कार्यक्षम मार्ग क्वचितच सापडेल.

शेजारच्या वायूच्या दृष्टीने एकूण तेजापेक्षा त्या तेजाचा रंग महत्त्वाचा ठरतो. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन पूर्णपणे बाहेर काढायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजेच ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश. सूर्यासारख्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरून असा प्रकाश नगण्यच निघतो. क्वेसारची चकती मात्र तो मुबलक देते आणि त्याहून तीव्र अतिनील व क्ष-किरणही देते.

जंगल विरळ होते तिथे

क्वेसार वायूवर परिणाम करतो याचा थेट पुरावा त्याच जंगलात मिळाला. क्वेसारपासून दूरच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या पट्ट्यात रेषा दाट दिसतात आणि खुद्द क्वेसारच्या जवळच्या पट्ट्यात त्या विरळ होतात. तिथे वायू कमी आहे असे नाही. उलट क्वेसार दाट वस्तीच्या भागात असतात, त्यामुळे तिथे वायू सरासरीहून जास्त असण्याचीच शक्यता. रेषा कमी होतात, कारण क्वेसारचा स्वतःचा प्रकाश तिथल्या उरल्यासुरल्या अखंड अणूंनाही फोडतो. हा परिणाम लाखो प्रकाशवर्षांपर्यंत जाणवतो आणि अतिशय तेजस्वी क्वेसारच्या बाबतीत कोटभर प्रकाशवर्षांपर्यंतही.

१९८८ मध्ये स्टॅनिस्लाव बाजट्लिक, रॉबर्ट डंकन आणि जेरेमाया ऑस्ट्रायकर यांनी या निरीक्षणातून एक मोजमाप काढले. विश्वातल्या सगळ्या क्वेसारांचा आणि दीर्घिकांचा अतिनील प्रकाश मिळून एक सर्वव्यापी पार्श्वप्रकाश तयार होतो. क्वेसारच्या जवळ त्याचा स्वतःचा प्रकाश वरचढ असतो, दूर गेल्यावर पार्श्वप्रकाश वरचढ ठरतो. रेषांची दाटी कुठे पूर्ववत होते ते पाहिले की दोन्ही प्रकाश समसमान होण्याचे अंतर कळते. क्वेसारचे तेज माहीत असल्याने पार्श्वप्रकाशाची तीव्रताही निघते. अणूंच्या सावलीवरून साऱ्या विश्वाचा अतिनील उजेड मोजण्याची ही युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

पार्श्वप्रकाशात कोणाचा वाटा किती, हे ठरवणे आजही चालू असलेले काम आहे आणि त्यात पुण्याचा सहभाग आहे. तिथल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतले आर. श्रीआनंद क्वेसारच्या शोषणरेषांवर दीर्घकाळ संशोधन करत आले आहेत. आयुकातच घडलेले विक्रम खैरे आणि श्रीआनंद यांनी २०१९ मध्ये विश्वाच्या वेगवेगळ्या वयांतला हा पार्श्वप्रकाश किती होता, याची सविस्तर प्रारूपे प्रसिद्ध केली. त्याच संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर आणि अजित केंभावी यांनी मिळून लिहिलेला क्वेसारांवरचा इंग्रजी पाठ्यग्रंथ १९९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. या विषयाकडे वळू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन

हायड्रोजनचे अणू फोडण्यात तरुण, तप्त ताऱ्यांचाही हात असतो. पण एक काम असे आहे की ते क्वेसारांखेरीज फारसे कोणाला जमत नाही.

महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत सामान्य द्रव्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियमच्या रूपात घडला. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. पहिला तुलनेने सहज सुटतो. दुसऱ्याला केंद्रकाने घट्ट धरलेले असते. तो काढायला ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे हायड्रोजनच्या बरोबर चौपट ऊर्जा हवी. २२.८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा असा प्रकाश साध्या ताऱ्यांकडून जवळजवळ मिळत नाही. क्वेसारकडून मिळतो.

म्हणून विश्वातल्या हेलियमने दुसरा इलेक्ट्रॉन कधी गमावला, हा प्रश्न क्वेसारांच्या भरभराटीच्या काळाशी जोडलेला आहे. या हेलियमची शोषणरेषा ३०.४ नॅनोमीटरवर असते. चौपट ताणली गेली तरी ती जमिनीवरून दिसणाऱ्या पट्ट्यात येत नाही, म्हणून तिच्यासाठी अवकाशातली दुर्बीणच लागते. १९९४ मध्ये पीटर जेकबसेन आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून क्यू०३०२-००३ या क्वेसारच्या प्रकाशात ती सावली प्रथम पकडली. नंतरच्या निरीक्षणांतून चित्र स्पष्ट होत गेले. महास्फोटानंतर दोन अब्ज वर्षांच्या सुमारास हेलियमची सावली एका पट्ट्यात गडद, तर लगतच्या पट्ट्यात पुसट अशी ठिगळाठिगळांची दिसते. त्यानंतरच्या काळात ती सर्वत्र पुसट होते. प्रत्येक क्वेसारने आपल्याभोवती एक साफ केलेला प्रदेश तयार केला, असे अनेक प्रदेश वाढत वाढत एकमेकांना मिळाले आणि काम पूर्ण झाले.

या घडामोडीने वायू तापलाही. अणू फोडायला लागते त्याहून जास्त ऊर्जा फोटॉनमध्ये असेल, तर उरलेली ऊर्जा सुटलेल्या इलेक्ट्रॉनला वेगाच्या रूपाने मिळते आणि आपटाआपटीतून सगळ्या वायूत वाटली जाते. हेलियमच्या या दुसऱ्या टप्प्यात आंतरदीर्घिकीय वायूचे तापमान हजारो अंशांनी वाढले. लायमन-अल्फा रेषांच्या रुंदीवरून ही वाढ ओळखता येते, कारण तापलेल्या वायूतले अणू वेगाने इकडेतिकडे धावतात आणि रेषा पसरट होतात. तापलेला वायू लहान दीर्घिकांच्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणाला सहज दाद देत नाही. नव्या ताऱ्यांसाठी लागणारा कच्चा माल त्यांच्याकडे कमी पोचतो. दूरवरच्या क्वेसारांच्या उजेडामुळे एखाद्या छोट्या दीर्घिकेची वाढ खुंटू शकते, इतका हा परिणाम दूरगामी आहे.

पहिले श्रेय कोणाचे

क्वेसारांच्या कामाची मर्यादाही सांगायला हवी. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पुरेसे थंड झाले आणि इलेक्ट्रॉन-प्रोटॉन एकत्र येऊन अखंड हायड्रोजन तयार झाला. तो पुन्हा फुटला पहिल्या अब्ज वर्षांच्या आसपास. २००१ मध्ये स्लोन या आकाश-सर्वेक्षणात सापडलेल्या एका अतिदूरच्या क्वेसारचा वर्णपट रॉबर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी तपासला. गन आणि पीटरसन यांना जी संपूर्ण काळी पट्टी दिसली नव्हती, ती यात होती. प्रकाश विश्वाच्या अशा काळातून आला होता, जेव्हा अखंड हायड्रोजन अजून बराच शिल्लक होता.

त्या काळात मोठे क्वेसार फार थोडे होते. एवढ्या थोड्या दिव्यांनी सगळा हायड्रोजन फोडला असण्याची शक्यता कमी. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने जे०१००+२८०२ या क्वेसारच्या दिशेला रोखून पाहिले आणि वाटेतल्या दीर्घिका व वायू यांची सांगड घातली. लहान दीर्घिकांभोवती सुमारे वीस लाख प्रकाशवर्षे त्रिज्येचा भाग पारदर्शक झालेला आढळला. म्हणजे हायड्रोजन फोडण्याचे मुख्य श्रेय या दीर्घिकांतल्या ताऱ्यांकडे जाते. क्वेसारांचा खरा अंमल त्यानंतर आला, विश्व दोन-तीन अब्ज वर्षांचे असताना, जेव्हा त्यांची संख्या शिगेला पोचली होती.

सावली नव्हे, झळाळी

आतापर्यंत सांगितलेली सगळी माहिती सावल्यांतून मिळालेली आहे. क्वेसार वायूला उजळवतोही. फुटलेल्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनशी जोडला जातो, तेव्हा बहुतेकदा लायमन-अल्फाचा फोटॉन बाहेर पडतो. दाट जागी असे वारंवार घडते आणि वायू मंदपणे झळाळतो. २०१४ मध्ये सेबास्टियानो कांतालुपो, झेवियर प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीला खास गाळणी लावून यूएम २८७ या क्वेसारभोवतीची ही झळाळी टिपली. ती सुमारे पंधरा लाख प्रकाशवर्षे पसरली होती, आपल्या आकाशगंगेच्या तबकडीच्या पंधरापट. दीर्घिका ज्या वायूच्या धाग्यांवर ओवल्या गेल्या आहेत असे सिद्धांत सांगतो, त्यातला एक धागा प्रत्यक्ष दिसू लागला होता.

प्रकाशाबरोबर क्वेसार द्रव्यही बाहेर फेकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण निरीक्षणांत पीडीएस ४५६ या क्वेसारमधून प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे पावपट वेगाने सर्व दिशांना वाहणारा वारा आढळला. दीर्घिकासमूहांत कृष्णविवरांच्या झोतांनी तप्त वायूत लाखो प्रकाशवर्षे रुंदीच्या पोकळ्या कोरलेल्या दिसतात. हे धक्के प्रकाशाइतके दूर जात नाहीत, पण घरच्या दीर्घिकेतला आणि तिच्या आसपासचा वायू हुसकावून लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

वायूने ठेवलेली नोंद

२००७ मध्ये 'गॅलॅक्सी झू' या लोकसहभागाच्या उपक्रमात दीर्घिकांची छायाचित्रे तपासताना हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला आयसी २४९७ या दीर्घिकेजवळ एक विचित्र ढग दिसला. त्यातला ऑक्सिजन इतका आयनीभूत झाला होता की तसे करायला क्वेसारच हवा. पण ६५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या त्या दीर्घिकेच्या केंद्रात आज तेवढा प्रखर क्वेसार दिसत नाही. घाटात दिलेली हाक थांबल्यावरही कड्यावरून तिचा प्रतिसाद येत राहतो, तसेच इथे झाले. केंद्रातला क्वेसार गेल्या लाख-दोन लाख वर्षांत मंदावला, पण दूरच्या ढगाकडे गेलेला त्याचा जुना प्रकाश वळसा घालून आपल्याकडे आत्ता पोचतो आहे.

आंतरदीर्घिकीय वायू हीच नोंद फार मोठ्या प्रमाणावर ठेवतो. क्वेसार पेटल्यावर शेजारच्या हायड्रोजनमधले उरलेले अखंड अणू कमी होऊन नवा समतोल यायला काही हजार ते काही लाख वर्षे लागतात. हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढणारा प्रकाश दुर्मीळ, म्हणून त्याचा समतोल यायला कोट्यवधी वर्षे जातात. हायड्रोजनने क्वेसारच्या अलीकडच्या आयुष्याची नोंद ठेवायची आणि हेलियमने दीर्घ आयुष्याची, अशी ही वाटणी आहे.

या नोंदीने एक मोठा पेच पुढे आणला. २०१७ मध्ये अ‍ॅना-क्रिस्टिना आयलर्स आणि सहकाऱ्यांनी विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांतले काही क्वेसार तपासले. त्यांच्याभोवतीचा पारदर्शक पट्टा अपेक्षेपेक्षा खूपच लहान निघाला. वायूच्या हिशोबाने ते लाख वर्षांहून कमी काळ तळपत होते. दुसरीकडे त्यांच्या केंद्रांतली कृष्णविवरे अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाची. कृष्णविवर जितके जोरात गिळते तितका त्याच्या प्रकाशाचा दाब येणाऱ्या वायूला मागे ढकलतो. या नेहमीच्या मर्यादेत राहून शंभर सूर्यांच्या बीजापासून अब्ज सूर्यांपर्यंत वाढायला सुमारे ७० कोटी वर्षे लागतात. लाख वर्षांत ही वाढ कशी झाली?

दोन उत्तरे विचारात आहेत. पहिले असे की कृष्णविवर दीर्घकाळ धुळीच्या दाट आवरणाआड वाढत होते, त्याचा अतिनील प्रकाश बाहेर पडतच नव्हता आणि आवरण फाटून लाखभर वर्षेच झाली आहेत. दुसरे असे की सुरुवातीच्या काळात वायू गिळताना प्रकाश फारच थोडा बाहेर पडत असे, त्यामुळे वाढ नेहमीच्या मर्यादेपेक्षा वेगाने झाली. दोन्हींपैकी कोणतेही खरे ठरले, तरी कृष्णविवरांच्या वाढीबद्दलची आपली समज बदलणार आहे.

यापुढचा पुरावा त्याच विरळ वायूतून येईल. चिलीत ३९ मीटर व्यासाच्या आरशाची युरोपीय दुर्बीण उभी राहते आहे. तिच्यामुळे आज मोजक्या क्वेसारांपुरत्या मिळणाऱ्या बारीक तपशिलाच्या नोंदी अनेक अतिदूरच्या क्वेसारांच्या मिळू लागतील. मग लहान पट्ट्याचे क्वेसार हा अपवाद आहे की नियम, हे कळेल. कृष्णविवराचे वस्तुमान मोजले की ते किती वाढले एवढेच समजते. ते कधी उघड तळपले आणि कधी आवरणाआड राहिले, हे विचारायचे असेल तर आज चार घनमीटरमागे एक अणू असलेल्या त्या जागेकडेच वळावे लागते. म्हणून विश्वाचा इतिहास लिहिताना तेजस्वी वस्तूंच्या यादीइतकेच मोल त्यांच्या मधल्या जागेच्या अभ्यासाला द्यायला हवे.